उसनं विरजण

गार्गीला पहिला संशय आला तो नवऱ्याचा. बायकांना पहिला संशय नवऱ्याचाच यायचा अशी जगरहाटी आहे, त्यात तिचा तरी काय दोष? ती बंदरावरून आली, आपल्या किल्लीनं दार उघडलं, आणि बाल्कनीत फोनवर बोलणारा ईशान तिला पाहून एकदम गप्प झाला. "बरं, नंतर बोलू," म्हणत त्यानं फोन बंद केला आणि खिशात घातला. अहो, हा माणूस फोन सोफ्यावर, गॅसच्या ओट्यावर, प्रसंगी फ्रिजमध्ये विसरणारा! खिशात कधीपासून ठेवायला लागला?

"कोण होतं?"

"कोणी नाही गं. कंपनीवाले."

"कुठल्या कंपनीवाले?"

"असेच," म्हणाला आणि कोणी न सांगता चहा टाकायला आत गेला. गार्गीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. न सांगता चहा म्हणजे नक्की काहीतरी पाणी मुरतंय.

हातपाय धुऊन तिनं ओजसला उचललं. सात महिन्यांचं गुबगुबीत पोर, आईला पाहून खुदकन हसलं, तिच्या गणवेशाची बटणं ओढायला लागलं. पण तिनं त्याला छातीशी घेतलं तसं त्यानं नाक फुरफुरवलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं. पुन्हा जवळ घेतलं, पुन्हा फिरवलं. पोट भरलेलं मूल तोंड फिरवतं तसं नव्हे. पंगतीत दुसऱ्याच्या पानावर चुकून बसवलेला पाहुणा जसा अवघडतो, तसं.

"आत्ताच प्यायलाय गं तो," सासूबाई आतून म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या.

गार्गी मयेकर पायलट होती. विमानाची नाही, जहाजांची. रत्नागिरीच्या उत्तरेला नवं बंदर झालं तेव्हापासून ती तिथं होती. परदेशी जहाजाच्या कप्तानाला आपल्या खाडीतले खडक आणि गाळ काय माहीत? म्हणून ते जहाज बाहेर समुद्रात थांबतं, पायलट छोट्या लाँचमधून तिथवर जाते, हलत्या दोरशिडीनं वर चढते आणि ते आख्खं धूड खाडीतून आत आणून धक्क्याला लावते. मोठी जहाजं भरतीलाच आत येतात, आणि भरती काही घड्याळ पाहून येत नाही. आज पहाटे, उद्या दुपारी, परवा तिसऱ्याच वेळी. ज्या बाईची नोकरी भरती-ओहोटीवर चालते, तिनं बाळाच्या भुकेची वेळ कशी सांभाळायची?

म्हणून तर घरात 'पयस्विनी' आली होती. ओट्याच्या कोपऱ्यात, घागरीएवढं पांढरं यंत्र. आईच्या दुधात नुसतं दूध नसतं, जिवंत पेशीही असतात. ओजस झाला त्या आठवड्यात कंपनीची माणसं गार्गीचं थोडं दूध घेऊन गेली, त्यातल्या दूध तयार करणाऱ्या पेशी त्यांनी वेगळ्या काढल्या आणि केसाएवढ्या बारीक, पोकळ नळ्यांच्या जुडग्यावर वाढवल्या. नळ्यांच्या आतून साखर, क्षार, प्रथिनं असलेलं पोषक पाणी वाहत राहतं, बाहेरच्या अंगाला चिकटलेल्या पेशी ते शोषतात आणि दूध पाझरतात. अंगाइतकी ऊब मिळाली की झालं. आई समुद्रावर असली तरी तिच्याच पेशींचं ताजं दूध घरात तयार.

त्यातही खरी करामत बाळ चोखतं त्या बोंडात होती. बाळ छातीशी ओढतं तेव्हा त्याची थोडीशी लाळ उलटी आत जाते, त्या लाळेवरून आईच्या शरीराला बाळाची खबर लागते आणि दूध तसं बदलतं. सर्दी असेल तर एक, पोट बिघडलं तर दुसरं. पयस्विनीच्या बोंडालाही अशी उलटी वाट ठेवलेली होती. आतल्या पेशी पिणाऱ्या बाळाला हळूहळू ओळखायला लागत, आणि बाळही आपल्या दुधाचा वास ओळखायला लागे.

सासूबाईंनी या यंत्राचं नाव 'कपिला' ठेवलं होतं. वसुबारसेला त्यांनी चक्क तिला हळदकुंकू लावलं, गवारीची भाजी-भाकरी दाखवली. ईशान हसून हसून लोळला. या सासूबाई म्हणजे कोणी नऊवारीतल्या आजीबाई समजू नका हं. नाव रूपाली, एकेकाळी बँकेत नोकरी, उभी हयात मोबाईलवर गेलेली. पण हळदकुंकू म्हटलं की हळदकुंकू.

कपिला आली आणि गार्गीचं अंगावरचं दूध मात्र ओसरत गेलं. शरीराचा कारभार सरळ असतो, ओढलं तर येतं. दोरशिडीवर लोंबकळणाऱ्या बाईचं कोण ओढणार?

आणि आता तर सिंगापूरचं पत्र आलं होतं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, परत आल्यावर सगळ्यांत मोठ्या जहाजांचा परवाना. या किनाऱ्यावर तो अजून एकाही बाईकडं नव्हता. आठवडाअखेर होकार कळवायचा होता. गार्गीचा होकार ओठांवर होता, पण हे मूल आपल्यापासून तोंड फिरवतंय का, हे कळल्याशिवाय तो बाहेर पडेना.

"जा तू, आम्ही आहोत ना," असं ईशान म्हणाला, सासूबाई म्हणाल्या. गार्गीला वाटलं, एवढी घाई का आहे यांना मला घालवायची?

*

संक्रांतीनंतरच्या रविवारी गच्चीवर ओजसचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचाच मुकुट. बोरं, चुरमुरे, गोळ्या त्याच्या डोक्यावरून ओतल्या तशी इमारतीतली पोरं तुटून पडली. बायका हसत होत्या, फोटो काढत होत्या.

समोरच्या फ्लॅटमधली तबस्सुम पारकरही आली होती. हायस्कुलात विज्ञान शिकवायची. कडेवर तिची मुलगी इनाया, ओजसपेक्षा थोडीच मोठी. तिच्याकडंही पयस्विनी होती. इनायाला सासूबाईंकडं देऊन तबस्सुम ओजसच्या मुकुटात अडकलेलं बोर काढायला वाकली.

आणि ओजसनं झेप घेतली.

दुसरा शब्द नाही. दोन्ही हातांनी त्यानं तिची ओढणी धरली, तोंड उघडलं आणि तिच्या छातीत खुपसलं. तो आवाज गार्गीनं ओळखला. भुकेल्या मुलाला आपलं माणूस सापडलं की ते जसं हुंकारतं, तसा आवाज. आपल्याकडं पाहून त्यानं तो कित्येक दिवसांत काढला नव्हता.

तबस्सुमनं त्याला दूर केलं. हळूच, पण केलंच. तिचा चेहरा लालबुंद झाला. तिनं आधी सासूबाईंकडं पाहिलं, मग गार्गीकडं, आणि इनायाला घेऊन "येते मी" म्हणत जिना उतरून गेलीसुद्धा. ओजस तिच्या मागं हात करून आकांतानं रडायला लागला.

"पोरांना काय, कोणीही चालतं," एक बाई म्हणाली. बाकीच्या गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्यात काय होतं ते न कळायला गार्गी काही दूधखुळी नव्हती.

ही बाई माझ्या मुलाला पाजते. मी समुद्रावर गेले की हिला बोलावतात. सासूबाईंना माहीत आहे, नवऱ्याला माहीत आहे. आणि तो बाल्कनीतला फोन? तो हिचाच कशावरून नाही? एकदा संशयाला वाट मिळाली की तो कुठवर जाईल सांगता येत नाही. रात्रभर ती ईशानशी एक अक्षर बोलली नाही, आणि त्यानंही का म्हणून विचारलं नाही.

सकाळी सासूबाई पूजेला बसल्या आणि ईशान आंघोळीला गेला तेव्हा तिनं ओट्याखालचा खण उघडला. पयस्विनीबरोबर ओळखपट्ट्यांचं एक पाकीट आलेलं होतं, कोणाला शंका असलीच तर खात्री करायला. पट्टीच्या एका टोकाला आपली लाळ लावायची, दुसऱ्या टोकाला यंत्रातलं थेंबभर दूध. पेशी एकाच बाईच्या असतील तर दोन्ही टोकं हिरवी होतात.

एक टोक हिरवं झालं. दुसरं पांढरंच राहिलं.

तिनं दुसरी पट्टी फोडली. मग तिसरी. पांढरं ते पांढरंच.

"ईशान!" ती अशी ओरडली की सासूबाईंच्या हातातली घंटा खाली पडली.

*

"सांगतो, सगळं सांगतो, आधी खाली बस," ओल्या केसांनी बाहेर आलेला ईशान म्हणाला. "तुझ्या मनात काय काय आलं असेल..."

"सगळं आलं! एकही गोष्ट यायची राहिली नाही!"

"मी सांगते," सासूबाई मधे आल्या. "त्याची चूक नाही. माझी आहे."

मार्गशीर्षात ग्रहण होतं. गार्गी जहाजावर होती. सासूबाईंनी दरवेळेसारखी दुधात, दह्यात, लोणच्याच्या बरणीत तुळशीची पानं टाकली. ग्रहणात अन्न बाटू नये म्हणून टाकतात तशी. मग त्यांचं लक्ष कपिलेकडं गेलं. तेही दूधच ना? नातवाच्या तोंडात जाणारं. त्यांनी झाकण उघडलं आणि एक पान तिच्यातही सोडलं. धुऊन सोडलं हो! पण तुळशीच्या पानावरचे जंतू नळाच्या पाण्यानं थोडेच जातात? पेशींना तेवढंच निमित्त पुरलं. संध्याकाळपर्यंत यंत्रातून आंबूस वास यायला लागला, दूध फाटलं, आणि नळ्यांवरच्या गार्गीच्या पेशी मरून गेल्या.

"कंपनीत तुझा मूळ नमुना गोठवून ठेवलाय," ईशान म्हणाला. "पण तो परत वाढवायला दीड-दोन महिने लागतात म्हणे. रोज त्यांनाच फोन करतोय, झालं का, झालं का."

"आणि तोवर?"

सासूबाईंनी पदराशी चाळा केला. "घरातलं विरजण संपलं की आपण काय करतो? शेजारी वाटी घेऊन जातो. मी तबस्सुमकडं गेले. तिच्या यंत्रातलं ताजं दूध आणलं, नळ्या उकळून धुतल्या आणि त्यात ओतलं. दोन दिवसांत धरलं. तसं बऱ्याच जणी करतात, कंपनी नको म्हणते म्हणून बोलत नाहीत इतकंच."

"तिनं दिलं? मला न विचारता?"

"तिनं विचारलं ना. गार्गीला माहीत आहे का म्हणाली. मी हो म्हटलं."

गार्गीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू रजा टाकली असतीस!" सासूबाईंचाही आवाज चढला. "मी ओळखते ना. ईशान तीन महिन्यांचा होता तेव्हा मी काउंटरवर बसायचे. ब्लाउज भिजायचा, वरून फाईल धरायचे, आणि इकडं हा डब्यातल्या पावडरीवर. सारखा हगवण लागून पडलेला. पुढं पुण्याला ऑफिसर म्हणून बढती आली, मी नाही म्हणून कळवलं. त्या ऑफिसरच्या खुर्चीत दुसरी बसली, ती मॅनेजर होऊन निवृत्त झाली. मला राग नाही आला गं, पण विसरलेही नाही. माझ्या एका तुळशीच्या पानापायी तुझं सिंगापूर जावं? मला झोप लागली नसती."

दुसरं कोणी असतं तर इथं विरघळलं असतं. गार्गी नाही विरघळली. खरं बोलणाऱ्या माणसाचाही राग येतो, आणि जरा जास्तच येतो. तिनं यंत्राची वायर खसकन ओढली, झाकण काढलं, सगळं दूध सिंकमध्ये ओतलं आणि नळ्यांवर चहाचं उकळतं आधण. ईशान "अगं, अगं" करत राहिला. मग तिनं बाहेरचं दार उघडलं आणि समोरच्या दाराकडं तोंड करून म्हणाली, "तुमचं दूध तुमच्याजवळ ठेवा! माझ्या मुलाला उष्टं नको कोणाचं!"

समोरचं दार किलकिलं होतं. ते हळूच लागलं.

"गार्गी, काय बोललीस हे!" सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

*

बोललेला शब्द परत घेता येत नाही आणि सिंकमध्ये ओतलेलं दूधही. हे गार्गीला तासाभरात कळलं. ओजस जागा झाला, भुकेला. तिनं छातीशी घेतलं. त्यानं वास घेतला, कमान करून मागं वाकला. तिनं त्याचं डोकं धरलं, थेंब पिळून त्याच्या ओठांना लावला. तो घुसमटला, रडला, तिच्या गालावर हात मारले. ईशान धावत जाऊन पावडरीचा डबा घेऊन आला. बाटलीतला पहिला घोट त्यानं ईशानच्या शर्टावर काढला, दुसरा जमिनीवर. भाताची पेज थुंकली. रडून रडून त्याचा आवाज बसला.

तेवढ्यात बंदरावरून फोन. जहाज बाहेर येऊन थांबलंय, दुपारची भरती लागतेय, लाँच तयार आहे. दुसरा पायलट तापानं पडलेला.

"नाही जमणार म्हणून सांग," ईशान म्हणाला. सासूबाई फक्त तिच्याकडं पाहत राहिल्या.

गार्गीनं गणवेश चढवला. का चढवला ते तिचं तिलाही कळलं नसावं. मग रडणारं पोर खांद्यावर टाकलं आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

तबस्सुमनं दार उघडलं. डोळे सुजलेले होते. तिनं मुलाकडं पाहिलं, मग गार्गीकडं. आत या म्हणाली नाही.

"मी... सकाळी फार वाईट बोलले," गार्गी म्हणाली. "विरजण हवंय थोडं. ते लागायला वेळ लागेल, ठाऊक आहे. तोवर वाटीत थोडं दूध दिलंत तर..."

"नाहीये," तबस्सुम म्हणाली. "तुमचं ऐकलं आणि मीही माझं यंत्र बंद केलं. म्हटलं, पुन्हा कोणी मागायला नको आणि मी द्यायला नको."

ओजसला वास लागला होता. तो खांद्यावरून वळून तबस्सुमकडं झेपावत होता आणि गार्गी त्याला घट्ट धरून होती.

"अंगावर आहे," तबस्सुम म्हणाली. "इनाया रात्रीची अंगावरच पिते. पण आधी नीट ऐका. यंत्राच्या दुधानं नातं जडतं की नाही, यावर आमच्या धर्मात अजून एकमत नाही. छातीचं मात्र ठरलेलं आहे. वरचेवर पोटभर पाजलं की ते मूल आपलं होतं. हा इनायाचा भाऊ होईल, सख्खा धरतात तसा. उद्या मोठेपणी दोघांचं एकमेकांवर मन बसलं, तर मीच उभी राहून नाही म्हणेन. माझा नवरा त्याचा बाप होईल. हे एकदा झालं की मोडता येत नाही. म्हणून काल गच्चीवर मी त्याला दूर केलं. मावशी म्हणाल्या होत्या तुम्हाला सगळं माहीत आहे, पण तुमचा चेहरा पाहिला आणि कळलं, तुम्हाला काहीच माहीत नाही. तुमच्या नकळत तुमच्या मुलाशी नातं कसं जोडू?"

या बाईनं आपलं मूल चोरलं म्हणून गार्गीनं रात्र तळमळून काढली होती. घरात सगळ्यांनी तिला फसवलं होतं, आणि जिच्यावर तिनं सगळ्यांत जास्त संशय घेतला तिनं मात्र काहीही घेतलं नव्हतं.

तरीसुद्धा तिला नाही म्हणावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. हा माझा आहे, एकटीचा, उपाशी राहिला तरी माझा. असा विचार आईच्या मनात येतो, आणि आला म्हणून ती वाईट ठरत नाही.

"मावशी सांगत होत्या, सिंगापूरला गेलात तर सहा महिने," तबस्सुम म्हणाली. "सांगा. घेऊ?"

ओजसचं रडणं आता नुसतं हुंदक्यांवर आलं होतं.

"घ्या," गार्गी म्हणाली आणि तिनं हात सैल केले.

तबस्सुमनं त्याला आत नेलं, खुर्चीत बसून ओढणीखाली घेतलं. क्षणभर धडपड, मग एकदम शांतता, मग घटाघटा गिळल्याचा आवाज. तो आवाज ऐकताच गार्गीच्या छातीत कळ आली आणि दूध सुटलं. आता सुटलं! गणवेशाच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग पसरत गेले आणि ती उंबऱ्याशी उभी राहून ढसाढसा रडायला लागली.

फोन वाजला. लाँचवाला विचारत होता, मॅडम, येताय ना? भरती थांबणार नाही.

"तबस्सुम," ती नाक पुसत म्हणाली, "हा पहिल्यांदा आई कोणाला म्हणेल?"

तबस्सुमनं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. "मला म्हणेल कदाचित," ती म्हणाली. "मी रोज तुमचा फोटो दाखवीन. पण म्हणेल मलाच, असं वाटतं."

गार्गीनं मान हलवली. फोनवर म्हणाली, "निघतेय मी. आणि ऑफिसात सांगा, सिंगापूरला माझं नाव कळवा."

मग तिनं दार ओढून घेतलं. आवाज होऊ न देता, कारण आत तो झोपायला लागला होता.